माडीच्या फळ्या घासण्याआधी



आमच्या घराची माडी सागवानी आहे. खाली शहाबादी फरशी आणि वर तुळयांवर ठोकलेल्या फळ्या, अशी जुनी बांधणी. 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 56 फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी 43 फुटांची आहे. पाणी गल्लीत शिरले तेव्हा गाद्या, धान्याची पोती, शिलाई मशीन, सारे आम्ही माडीवर चढवले. निम्मे सामान ओलेच होते. पाणी ओसरल्यावर खालचे घर धुण्यात दिवस गेले आणि माडीकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. पोती उचलली तेव्हा खाली काळे डाग दिसले, फळ्यांच्या कडा वर आल्या होत्या आणि जुना तांबडा रंग पापुद्र्यांनी सुटत होता.

माडी पाडून स्लॅब टाकावा, असे घरातल्या काहींचे मत पडले. दादी म्हणाल्या, "पुरात हिनंच आपल्याला वर धरलं, आता हिलाच पाडायचं?" विषय तिथेच संपला. फळ्या घासून पुन्हा पॉलिश करायच्या असे ठरले.

दिवाळीनंतर आम्ही घासायचे मशीन भाड्याने आणले आणि थेट सुरुवात केली. तासाभरात तांबडी धूळ जिन्यावरून स्वयंपाकघरापर्यंत पोचली. धाकटीच्या अंथरुणावरही तिचा थर बसला. ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री सहज आले होते. ते दारातूनच ओरडले, "मशीन बंद करा आधी! हे तांबडं काय उडायलंय? लेकरू घरात हाय न्हवं?"

जुन्या तेलरंगांत शिसे असू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. हाताला लागलेली ही धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. शिशाने त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही धोका असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही धाकटीच्या रक्तातले शिसे तपासून घेतले. अहवाल येईपर्यंत घरात कोणाला धड झोप नव्हती. प्रमाण काळजीचे नाही असे कळले तेव्हा जिवात जीव आला.

त्यानंतरचे काम मिस्त्रींनी सांगितले तसे केले. मुलांना नातेवाइकांकडे पाठवले. माडीच्या दाराला आणि जिन्याला प्लॅस्टिकचा कागद लावला. रंगावर पाणी फवारून, तो ओला ठेवून पत्रीने खरवडला. कोरडे घासायचे नाही आणि आगीने रंग जाळायचाही नाही, कारण त्या धुरातूनही शिसे अंगात जाते. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क हवा. खरवडलेला रंग पिशवीत बांधला. झाडू लावला नाही, ओल्या फडक्यानेच पुसले. कामाचे कपडे वेगळे धुतले.

मग फळ्या वाळू दिल्या. ही पायरी घाईत टाळली जाते. ओल्या लाकडावर पॉलिश चढवले तर ओल आत कोंडते, पॉलिश पांढरे पडते किंवा सुटते. कडक उन्हात लाकूड तडकते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून सावकाश वाळवावे. वाळल्यावर आमच्या बऱ्याच फळ्यांच्या कडा आपोआप खाली बसल्या. ओल्या असतानाच घासून सपाट केल्या असत्या, तर वाळल्यावर मध्येच फुगल्या असत्या.

घासण्याआधी खिळ्यांची डोकी आत ठोकून घ्यावीत, नाहीतर कागद फाटतो. रंग पूर्ण निघाल्यावर 60 नंबरचा पॉलिश पेपर, मग 100, शेवटी 150, असे लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. काळे डाग पूर्ण जावेत म्हणून घासत राहू नये. फळी जेवढी पातळ होते, तेवढा तिचा जोर कमी होतो. आमच्या माडीवर दोन डाग अजून आहेत.

पॉलिशचे म्हणाल तर चपडीचे पॉलिश सुंदर दिसते. ते लाखेपासून बनते, पण पाणी सांडले की त्यावर पांढरे डाग पडतात. रोज पायाखालच्या जमिनीला पीयू पॉलिश जास्त टिकते. दोन हातांमध्ये पुरेसा वेळ द्यावा. पावसाळी हवेत ते लवकर वाळत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

कोणी जवसाचे तेल लावणार असेल तर एक सांगणे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रमजानच्या आधी घराची साफसफाई, रंगरंगोटी सगळीकडेच निघते. तुमच्याकडे जुनी माडी, दार किंवा पाळणा असेल आणि त्यावर जुना रंग असेल, तर मशीन आणण्याआधी मुलांना दुसरीकडे पाठवा आणि पाण्याची बाटली हाती घ्या. आम्ही हे उलट्या क्रमाने शिकलो.