पिंजरा निजायला, कोंडायला नव्हे

हदगावसारख्या तालुक्याच्या गावातही आता पॉमेरियन, पग अशी छोटी कुत्री घरात दिसू लागली आहेत. पिल्लाबरोबर लोखंडी जाळीचा पिंजराही येतो. पिंजऱ्याची सवय लावणं वाईट नाही. कुत्रं आपली निजायची जागा सहसा घाण करत नाही, त्यामुळे शी-शूची शिस्त लवकर लागते. पण आपल्याकडे सवय लावणं म्हणजे दार लावून कामाला निघून जाणं, असा अर्थ घेतला जातो, आणि तिथेच बिघडतं.

सुरुवातीला दार उघडंच ठेवायचं. आत जुनं कापड आणि खाऊ ठेवला की पिल्लू आपणहून जातं. मग काही मिनिटं दार लावायचं आणि हळूहळू वेळ वाढवायची. उभं राहून अंग वळवता येईल एवढी जागा हवी. पहिल्या रात्री ते रडतं, कारण आईपासून नुकतंच तुटलेलं असतं. पिंजरा अंथरुणाजवळ ठेवला तर शांत होतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त लघवी धरवत नाही. त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोंडायचं आणि घाण केली म्हणून मारायचं, हा कुठला न्याय? शिक्षा म्हणून तर पिंजरा कधीच वापरू नये.

मराठवाड्याचा उन्हाळा ही आणखी वेगळी गोष्ट. पारा चाळिशीपार असतो आणि पत्र्याखाली तर जीव नकोसा होतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. आखूड नाकाच्या पगला तेही नीट जमत नाही. अशा घरात बंद पिंजऱ्यातलं पिल्लू उष्माघातानं दगावू शकतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं गुन्हा आहे.

दिवसभर कोंडलेलं कुत्रं बिथरतं. लेकरू जाळीतून बोट घालतं आणि चावा बसतो. मग ‘घरचंच पिल्लू आहे, त्याला काय होतंय’ म्हणत हळद नाही तर चुना लावला जातो. पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि एकदा लक्षणं दिसल्यावर रेबीजवर इलाज नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर गुरांच्या दवाखान्यात रेबीजची लस द्यायची आणि पुढचे डोस चुकवायचे नाहीत.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते, तेव्हा मात्र पिंजरा खरा कामाला येतो. पण लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट पाहायची नसते.