घाटात उतरणारा दावा

विजेवर चालणाऱ्या ट्रकच्या खरेदीसाठी केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेतून प्रति वाहन कमाल 9.6 लाख रुपयांचे प्रोत्साहन जाहीर केले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, या आकड्यावर कर्जाचे हप्ते आणि फेऱ्यांचे गणित बेतणाऱ्या ट्रकमालकाने तो तपासून घेतलेला बरा.

हवामानाचा फटका मोठा असतो. अमेरिकेतील 'एएए' या वाहनचालक संघटनेने 2019 मध्ये विजेच्या मोटारींची चाचणी घेतली, तेव्हा उणे 7 अंश सेल्सिअसला हीटर लावल्यावर पल्ला सरासरी 41 टक्क्यांनी, तर 35 अंशांना वातानुकूलनासह 17 टक्क्यांनी घटला. ट्रकची ऊर्जेची भूकच मोठी; त्यामुळे केबिन थंड ठेवण्याचा भार तेथे तुलनेने अल्प. निर्णायक ठरतात ते वजन, चढ आणि चालकाचा पाय. 40 टनांचा ट्रक बोरघाटासारखी 500 मीटरची चढण चढतो, तेव्हा केवळ उंची गाठण्यातच सुमारे 55 युनिट वीज खर्ची पडते. उतारावर तिचा काही भाग परत मिळतो. पण चालकाने ब्रेक दाबत न राहता मोटरच्या साह्याने वेग आवरला, तरच. ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटर वेग ठेवल्यास हवेचा अवरोध पाऊणपटीने वाढतो.

म्हणूनच पूर्ण भार, घाट आणि उन्हाळा यांतील पल्ला स्वतंत्रपणे जाहीर करणे उत्पादकांना बंधनकारक करावे. चालकांच्या प्रशिक्षणालाही निधी द्यावा. अन्यथा घाटात खोळंबलेल्या ट्रकची किंमत छोट्या वाहतूकदारालाच मोजावी लागेल.