आधी मोबाइल शेजारी ठेवा

शिरूर-दौंडकडं लॅपटॉपवर नेट रखडलं की पहिला राग निघतो नेटवाल्यावर. पण त्याच वायफायवर शेजारी ठेवलेला मोबाइल सुरळीत चालत असेल, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या ॲडॉप्टरचा किंवा ड्रायव्हरचा. दौंडमध्ये एका भाचीचा परीक्षेचा फॉर्म फोटो अपलोड करतानाच अडकत होता. डिव्हाइस मॅनेजर उघडून ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये पाहिलं, तर वीज वाचवायला ॲडॉप्टर बंद करण्याची मुभा विंडोजला दिलेली होती. त्या मुभेपुढची टिकची खूण काढली आणि फॉर्म गेला. अपडेटनंतर वेग पडला असेल, तर ‘रोल बॅक’नं जुना ड्रायव्हर परत आणता येतो. नवा हवाच असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा. फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या वाटेला पोरांनी जाऊच नये, असं मला कळकळीनं वाटतं. राउटर जवळ असेल, तर वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झचा बँड निवडावा. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींपलीकडं मात्र २.४ गिगाहर्ट्‌झच जास्त टिकतं. आणि ॲडॉप्टर खरंच गेला असेल, तरी यूएसबीचा छोटा ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळतो. तेवढ्यासाठी नव्या लॅपटॉपचं कर्ज कुणी काढू नये.