मच्छरदाणीपलीकडचा माणूस

रहस्यकथा म्हटली की आपल्या घरांत अजूनही कपाळाला आठ्या पडतात. आणि कॉलेजात मराठी शिकवणाऱ्याने ती उशाशी ठेवावी म्हणजे तर कहरच! पण वाचकहो, आंद्रे मालरो या फ्रेंच लेखकाच्या ‘ला काँदिस्यों युमेन’ (१९३३) या कादंबरीचा आरंभ कोणत्याही रहस्यकथेला हेवा वाटावा असा आहे. साल १९२७, शहर शांघाय, मध्यरात्र उलटलेली. मच्छरदाणीत एक माणूस गाढ झोपलेला आणि चेन नावाचा तरुण खंजीर घेऊन समोर उभा. त्या माणसापाशी असलेला एक कागद मिळाला की क्रांतिकारकांना शस्त्रे मिळणार.

भाडोत्री मारेकरी असता तर काम उरकून, पैसे मोजून घरी गेला असता. चेनने दमडीही घेतलेली नाही. म्हणूनच त्याची सुटका नाही. तो साथीदारांत परततो, पण त्यांच्यातला राहत नाही. पुढे बाँब घेऊन तो चँग कै-शेकच्या मोटारीखाली झेप घेतो. मोटारीत चँग नसतोच!

याच कादंबरीत कातोव्ह आहे. पकडला गेल्यावर त्याच्यापाशी सायनाइड असते. म्हणजे यातनांवाचून मरण. ते तो भेदरलेल्या दोन सोबत्यांना देऊन टाकतो आणि स्वतः इंजिनाच्या धगधगत्या भट्टीकडे चालू लागतो.

चेनपायी आपण पाने भराभर उलटतो. कातोव्हपाशी हात थांबतो. मुलांच्या हातची रहस्यकथा हिसकावण्यापूर्वी, तीत हात थांबवणारे एखादे पान आहे का, एवढे आपण पाहावे.