गाडी पिकअप घेत नाही : दोष इंजिनाचा की निदानाचा?

जालना शहरात मोंढ्यापासून एमआयडीसीतील लोखंडाच्या कारखान्यांपर्यंत फिरून पाहा. जिथे एकेकाळी जीप आणि ॲम्बॅसिडर उभ्या असत, तिथे आज चाळीस-पन्नास लाखांच्या मोठ्या डिझेल गाड्या दिसतात. या गाड्यांची एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. गाडी जड झाली आहे, ॲक्सिलेटर दाबला तरी उचल घेत नाही. अशी गाडी घेऊन मालक सरळ साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. आमचा मिस्त्री, ज्याच्या वडिलांनी याच गावात ट्रकची इंजिने उघडून बांधली, तो मात्र हात बांधून बघत राहतो. हे का घडते, याचा विचार आज आम्हाला करावयाचा आहे.

आमच्या परिचयातील एका बियाणे व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. त्यांच्या गाडीचे चारही इंजेक्टर एका वर्कशॉपमध्ये बदलले गेले. बिल लाखाच्या पुढे गेले, पण गाडी जशीच्या तशी. शेवटी गावातल्याच एका मिस्त्रीने टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी हाताने चाचपली. क्लिपाजवळ तेलाचे ओघळ होते आणि नळीला खालच्या बाजूने चीर होती. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच बाहेर पडत होती. नळी बदलली, गाडी पळू लागली. पैसे इंजिनाने खाल्ले नव्हते, चुकीच्या निदानाने खाल्ले होते.

आमचे म्हणणे असे की, काम क्रमाने करावे, स्वस्त तपासणी आधी आणि महाग पार्ट शेवटी. प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. रोलिंग मिलच्या परिसरातील धुळीत तो लवकर भरतो. नंतर डिझेल फिल्टर पाहून त्यातील पाणी काढावे. मग हवेच्या नळ्या आणि टर्बोचे व्हॅक्यूम पाइप तपासावेत. उभ्या गाडीचे पाइप उंदीर कुरतडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. गाडी थोडी चालवून चारही चाकांच्या डिस्कजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक जास्त तापले असेल तर ब्रेक चिकटला आहे, आणि बिचाऱ्या इंजिनाचा काहीच गुन्हा नाही.

यानंतर स्कॅनर लावावा. दोष आढळला की आजचे इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कमी करते. मात्र स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे, तो केवळ साक्षीदार आहे. हवा कमी असल्याचा कोड आला म्हणून सेन्सरच बदलणे चूक. फाटलेल्या नळीनेही तोच कोड येतो. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला आहे काय, टर्बोचा दाब मागणीइतका मिळतो काय, हे चालत्या गाडीचे आकडे पाहून ठरवावे. इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी केल्याशिवाय नवा इंजेक्टर मागवू नये.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि एक नवा मुद्दा उभा राहिला. डिझेल कारच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाची जाळी बसवली जाते. ती काजळी अडवते आणि सुमारे 600 अंश तापमानाला जाळून टाकते. पण घर ते दुकान, दुकान ते कारखाना अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती पुरेशी तापतच नाही. जाळी तुंबते, इंजिन गुदमरते. वर जळण्यासाठी सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये, ती धोक्याची खूण आहे. अशा मालकांनी आठवड्यातून एकदा समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा पाळून वीस-पंचवीस मिनिटे एकसारखी गाडी चालवावी. जाळी फारच भरली असेल, दिवा लुकलुकत असेल, तर मात्र हा उपाय नाही. तेव्हा गॅरेजच गाठावे.

काही ठिकाणी ही जाळीच पोकळ करून देण्याचा ‘जुगाड’ सांगितला जातो. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. प्रदूषणाचे मानक मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि ती काजळी शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जाते. अशा कामाची कमाई बरकतीची नव्हे.

राहिला प्रश्न हत्याराचा. चांगला स्कॅनर एका लहान गॅरेजला परवडत नाही, हे खरे. पण चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून एक घेतला तर? आपल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी बिनव्याजी उसनवार दिली तर? घरातील आयटीआय शिकलेला मुलगा वाचता-लिहिता आहे; आकडे त्याने वाचावेत, आवाज उस्तादाने ऐकावा. दोघांची जोडी जमली तर मोठ्या वर्कशॉपलाही ती भारी पडेल.

मिस्त्रींनी निदानाची वेगळी फी उघडपणे मागावी आणि जुना पार्ट ग्राहकाच्या हाती परत द्यावा. व्यापारी बांधवांनीही ती फी देताना कुरकुर करू नये. पाचशे रुपयांच्या तपासणीवर घासाघीस करायची आणि लाखाचे बिल मुकाट्याने भरायचे, हा कसला व्यवहार? जालन्याचे काम जालन्यात राहावे असे वाटत असेल, तर सुरुवात या पाचशे रुपयांपासून करावी लागेल.