अहवालाची गोधडी

केंद्र शासनाच्या मंत्रालयांचे वार्षिक अहवाल चाळण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या डोळ्यांना एक गोष्ट नेहमी खुपत असेल. एका प्रकरणाची शीर्षके ठळक आणि मध्यभागी, पुढच्या प्रकरणाची अधोरेखित आणि डावीकडे. एकीकडे परिच्छेदांना १.१, १.२ असे क्रमांक, दुसरीकडे नुसते ठिपके. हिंदी भागात तर एका पानावर तीन वळणांची अक्षरे. याला आपण 'दिसण्याचा प्रश्न' म्हणून सोडून देतो. माझ्या मते हा प्रशासनाचाच प्रश्न आहे, आणि त्यातला दोष संगणकचालकाचा नसून आम्हा अधिकाऱ्यांचा आहे.

असा अहवाल एका हाताने लिहिला जात नाही. समन्वय विभाग पत्र पाठवतो, प्रत्येक विभाग आपले प्रकरण स्वतंत्र फाईलमध्ये देतो आणि त्या सर्व फायली एका मुख्य फाईलला जोडल्या जातात. काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे अशी अकरा प्रकरणे आली होती. छपाईच्या आदल्या दिवशी एका प्रकरणात ऐनवेळी एक तक्ता वाढला. त्यापुढील तक्त्यांचे क्रमांक बदलले; मजकुरातील उल्लेख मात्र जुनेच राहिले. परिणामी, एका योजनेवरील खर्च का घटला हे सांगणारे वाक्य वाचकाला भलत्याच योजनेच्या तक्त्याकडे पाठवू लागले. चूक छपाईनंतर ध्यानात आली आणि शुद्धिपत्र काढावे लागले. ठपका कोणावर आला? रात्री दोनपर्यंत एकट्याने बसलेल्या कंत्राटी संगणकचालकावर. ते प्रकरण माझ्या विभागाचे होते आणि त्यातले क्रमांक आम्ही हाताने टंकून दिले होते. त्या बैठकीत मी हे बोललो नाही.

आता थोडे तंत्र. वर्ड असो वा लिबरऑफिस, मजकुराला रूप देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मजकूर निवडायचा आणि ठळक, सोळा आकार, मध्यभागी अशी बटणे दाबायची. दुसरा, त्या ओळीला 'शीर्षक १' असे नाव द्यायचे, म्हणजेच स्टाइल लावायची, आणि त्या नावाचे रूप एकाच ठिकाणी ठरवायचे. फायली सुट्या असतात तोवर दोन्ही मार्ग सारखेच दिसतात. त्या जोडल्या की फरक कळतो. मुख्य फाईलमध्ये आणि जोडलेल्या फाईलमध्ये एकाच नावाची स्टाइल असेल तर मुख्य फाईलची व्याख्या लागू होते आणि अकराही प्रकरणे एका क्षणात एकरूप होतात. हाताने दिलेले रूप मात्र या व्यवस्थेला जुमानत नाही. ते जसेच्या तसे चिकटून राहते. तक्त्यांच्या क्रमांकांचेही तेच. ते फील्ड म्हणून घातले असतील तर नव्याने मोजून घेता येतात. टंकलेला आकडा कायम टंकलेलाच राहतो.

प्रशासनाच्या भाषेत सांगायचे तर स्टाइल हा लेखी स्थायी आदेश आहे आणि हाताने दिलेले रूप हा तोंडी आदेश. तोंडी आदेशाला शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी असावी, हे आम्हाला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ शिकवतात. हिरव्या शाईने कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने लिहावे याचाही आमच्याकडे नियम आहे. टिप्पणीतील परिच्छेदांना ओळीने क्रमांक द्यावेत, हा दंडक तर कागदी फायलींच्या काळापासूनचा. म्हणजे शिस्तीचे आम्हाला वावडे नाही. कागदावर पाळलेली शिस्त संगणकावर येताच आम्ही गुंडाळून ठेवली, एवढेच.

याचे कारण निव्वळ आळस नव्हे. त्याची मुळे आमच्या फॉण्टच्या इतिहासात आहेत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठवलेली असतात. त्यांचे चित्र तेवढे देवनागरी असते. असा मजकूर दुसऱ्या फाईलला जोडला आणि तेथील स्टाइलने फॉण्ट बदलला की प्रकरणाचे शीर्षक अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन बसते. म्हणून टंकलेखकांच्या एका अख्ख्या पिढीने प्रत्येक परिच्छेदाला हाताने फॉण्ट बांधून टाकण्याची सवय लावून घेतली. तेव्हा ते शहाणपणच होते, कारण अर्थ रूपातच अडकलेला होता. युनिकोडने ही गाठ सोडवली. तेथे 'क' हा कोणत्याही वळणात 'क'च असतो. २००९ साली केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. कारण संपले, पण सवय उरली. शिवाय वर्डमध्ये एकाच स्टाइलच्या पोटात रोमन लिपीचा फॉण्ट व आकार वेगळा आणि देवनागरीचा वेगळा ठरवावा लागतो. हे न कळल्याने इंग्रजी भाग मोठा होतो, हिंदी भाग आहे तेवढाच राहतो, आणि मग पुन्हा हात चालू लागतो. राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ३(३) प्रमाणे असे अहवाल दोन्ही भाषांत काढावे लागतात. म्हणजे हा घोळही दुप्पट.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडतो. स्टाइल न वापरून प्रत्येक विभाग आपला थोडा वेळ वाचवतो. त्याची किंमत तो विभाग मोजत नाही. ती शेवटी संकलन करणाऱ्याच्या रात्रीतून वसूल होते. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने ते प्यावे, तसाच हा व्यवहार. अशी किंमत विनंतीपत्रांनी वसूल होत नाही. ज्याने ती निर्माण केली, त्याच्याच दारी ती परत पाठवावी लागते.

यावर दोन आक्षेप हटकून येतात. पहिला, आशय महत्त्वाचा, रूप दुय्यम. ज्या अहवालात वाक्य एका तक्त्याचे आणि निर्देश दुसऱ्याच तक्त्याचा, तेथे आशय कोठे उरला? दुसरा, आता ई-ऑफिस आले आहे. ई-ऑफिसने फाईलचा प्रवास बदलला, हे खरेच. पण त्या फाईलला जोडलेला दस्तऐवज पूर्वीच्याच हातांनी, पूर्वीच्याच रीतीने तयार होतो. रस्ता गुळगुळीत झाला म्हणून गाडीतला माल नीट रचला जात नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. मजकूर मागवण्याच्या पत्राबरोबरच टेम्प्लेट पाठवावे, नंतर नव्हे. स्टाइलची नावे मोजकी, दोन्ही भाषांच्या भागांना समान आणि बदलण्यास बंदी असलेली असावीत. तक्ते आणि निर्देश यांचे क्रमांक फील्डनेच घालावेत आणि छपाईपूर्वी ते सर्व एकदा अद्ययावत करावेत. सर्व प्रकरणे मुख्य फाईलसह एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत, नाहीतर जागा बदलताच दुवे तुटतात. वर्डमधील 'मास्टर डॉक्युमेंट' या सोयीची फायली बिघडवण्याबद्दल फार जुनी अपकीर्ती आहे, म्हणून रोजच्या रोज प्रत काढून ठेवावी. युनिकोडमध्ये नसलेला किंवा टेम्प्लेटमध्ये न बसवलेला मजकूर त्याच दिवशी विभागाला परत करावा, आणि तो परत करण्याचा अधिकार संकलन करणाऱ्याला लेखी द्यावा. हा शेवटचा उपाय सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत नकोसा आहे. कारण कनिष्ठाने सहसचिवांच्या विभागाचे प्रकरण 'शीर्षकाला स्टाइल नाही' म्हणून परत पाठवणे आमच्या अहंकाराला झेपत नाही. प्रशिक्षणाला आम्ही संगणकचालकांना धाडतो. वास्तविक पहिल्या बाकावर अवर सचिवापासून वरचे सारे बसले पाहिजेत. शेवटच्या घटकेला मसुद्यात हात घालणारे तेच असतात.

दिल्ली, भोपाळ, बंगळूर अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे अपरिचित नसावे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी वीस सभासदांचे लेख पाच फॉण्टांत येतात आणि एखादा बिचारा कार्यवाह ते प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्रीपर्यंत सांधत बसतो. तेथे निदान काम हौसेचे असते.

गोधडीला नावे ठेवू नयेत, हेही येथे कबूल करतो. तिची ठिगळे नाना रंगांची असली तरी टाके एका हाताचे असतात, म्हणून ती टिकते. आमच्या अहवालात ठिगळे आहेत. टाका कोणी घालायचा, हे ठरलेले नाही. ते ठरवणे अधिकाऱ्याचे काम आहे. मी ते त्या वर्षी केले नाही, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला झाली.