शिशूंचा योग खेळातूनच

दरवर्षी २१ जून जवळ आला की बालवाड्यांमधून धांदल सुरू होते. पांढरे सदरे शिवले जातात, छोट्या चटया आणल्या जातात आणि तीन-साडेतीन वर्षांची मुले रांगेत बसवली जातात. डोळे मिटा, हलू नका, पाठ ताठ ठेवा, असा सूचनांचा मारा चाललेला असतो. एखादे मूल रडवेले होते, दुसरे शेजाऱ्याची चटई ओढते. छायाचित्रे मात्र सुरेख येतात. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय योग दिनाला मान्यता दिली आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला, ही आपणा सर्वांना अभिमानाचीच गोष्ट आहे. पण या उत्साहाच्या भरात तीन वर्षांच्या बालकाकडून आपण तीस वर्षांच्या माणसाचा योग करवून घेत आहोत काय?

आपल्या परंपरेने या बाबतीत उतावीळपणा दाखविलेला नाही. गृह्यसूत्रांनी ब्राह्मण बटूच्या उपनयनासाठी आठवे वर्ष सांगितले. संध्येतील प्राणायाम त्यानंतरचा. त्याआधीच्या मुलाला नाक धरून बसविण्याची घाई कोणी केली नाही. दुसरीकडे, घेरंडसंहिता म्हणते की सृष्टीत जितक्या जीवजाती तितकी आसने, आणि त्यांतील बत्तीस मनुष्याला उपयुक्त. त्या बत्तिसांची नावे पाहावीत : सिंह, मत्स्य, मयूर, कुक्कुट, कूर्म, मंडूक, गरुड, वृष, शलभ, मकर, उष्ट्र, भुजंग! ज्या ऋषिमुनींनी ही नावे दिली, त्यांनी प्राण्यांकडे बालकाच्याच कुतूहलाने पाहिले असले पाहिजे. या नावांच्या द्वारातून मूल योगात सहज शिरते. त्याला ‘भुजंगासन कर’ म्हणण्याची गरज नाही. ‘साप कसा डोके वर काढतो?’ एवढे विचारले की ते पालथे पडून फुत्कार टाकू लागते.

मात्र शिरल्यानंतर त्याला तेथे डांबून ठेवू नये. आसनात स्थिर राहणे ही प्रौढांची साधना आहे. बालकाचा साप दहा सेकंदांत बेडूक होतो आणि बेडकाचे मांजर होते. हे चांचल्य म्हणजे बेशिस्त नव्हे. त्या वयात मेंदू आपल्या शरीराची ओळख करून घेत असतो : तोल कोठे जातो, हात किती लांब पोहोचतो, उडी मारल्यावर पाय कसा टेकतो. ही ओळख हालचालीतूनच होते. शिवाय बालकाची हाडे अद्याप वाढीची असतात, टोकांशी कूर्चा असते आणि सांधे सैल असतात. मूल हवे तसे वाकते याचे पालकांना कौतुक वाटते. पण वाकणे म्हणजे बळ नव्हे, आणि पाठीवर हात ठेवून त्याला आणखी थोडे दाबणे हे तर सर्वस्वी गैर होय. शीर्षासन, सर्वांगासन, कुंभक, कपालभाती यांना या वयात मुळीच स्थान नाही. दोन-तीन वर्षांचे मूल मिनिटाला प्रौढाच्या जवळपास दुप्पट वेळा श्वास घेते. त्याला श्वास रोखून धरावयास लावणे अनाठायी आहे. त्याऐवजी त्याच्या हाती भिरभिरे द्यावे, तळहातावरचा कापूस फुंकावयास सांगावा किंवा भुंगा होऊन खोलीभर गुणगुणावयास सांगावे. दीर्घ उच्छ्वास आपोआप होतो आणि भ्रामरीचे बीज पडते. शेवटी उताणे निजवून पोटावर लाडकी बाहुली ठेवावी व तिला झोके देऊन झोपवावयास सांगावे. बाहुली वरखाली होत राहते, मूल एकटक पाहत राहते, आणि मिनिटभराचे शवासन घडून जाते.

यासाठी महागड्या शिबिरांची, रंगीत चटयांची, प्रमाणपत्रांची काय आवश्यकता आहे, हे आम्हांस कळत नाही. आपल्या घराघरांत हे होतेच. बसफुगडी खेळणारी मुलगी उकिडवी बसून पायांचे केवढे बळ कमावते! बेडूकउड्या, झिम्मा, आजोबांच्या पाठीवरचा घोडा, एका पायावरची लंगडी यांत तोल, ताल आणि श्वास हे तिन्ही आले. लंगडीत तोल साधलेल्या मुलाला वृक्षासन अवघड जात नाही.

‘लहानपणी लागलेले वळणच टिकते, म्हणून शिस्त आताच लावली पाहिजे,’ असे काही पालक म्हणतात. वळण टिकते हे खरे. पण नावडही टिकते. चौथ्या वर्षी ज्याला दटावून पद्मासनात बसविले, तो चौदाव्या वर्षी योगाचे नाव काढताच पळ काढील. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनांना स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. मोठ्या मुलांसाठी ते स्वागतार्ह आहे. परंतु त्या पदकांची हवा बालवाडीपर्यंत झिरपू देता कामा नये. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ या वयोगटासाठी खेळ हाच शिक्षणाचा आधार मानला आणि पंचकोशांची संकल्पना त्यात आणली. त्या पाच कोशांत आनंदमय कोशही आहे, याची आठवण शिशुवर्गात रांगा लावणाऱ्यांनी ठेवावी.

खरी उणीव वेगळीच आहे, ती मोकळ्या जागेची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी वस्त्यांत बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच त्या अनुभवाची खूण सांगतो. आज पुण्या-मुंबईच्या संकुलांत अंगणाची जागा वाहनतळाने घेतली आहे, आणि ‘येथे खेळू नये’ अशी पाटी तेथे असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी. तीन खोल्यांच्या सदनिकेत, भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर जेवणाऱ्या मुलाचे हे तीन तास भरावयाचे कोठे?

निम्मे उत्तर घरातच आहे. दिवाणखान्यातील मधले मेज भिंतीला सरकवावे, सतरंजी अंथरावी आणि संध्याकाळी वीस मिनिटे आई-वडिलांनी स्वतः चार पायांवर यावे. सूचना देत सोफ्यावर बसून राहू नये. मूल ऐकून शिकत नाही, पाहून शिकते. आज कोणता प्राणी व्हायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे. हत्ती म्हणाले तर हत्ती. त्या नावाचे आसन ग्रंथात आहे की नाही, हे शोधत बसू नये. आजोबांचे गुडघे साथ देत नसतील तर त्यांनी खुर्चीतूनच सिंहगर्जना करावी, जीभ पूर्ण बाहेर काढून. उरलेले निम्मे उत्तर संकुलाच्या पुढच्या वार्षिक सभेत मागावे लागेल : सायंकाळी पाच ते सात वाहनतळाचा एक कोपरा मुलांसाठी मोकळा ठेवावा आणि ती पाटी उतरवावी.